ही कॉफी आबांनी शिकवली नाही

आबा,

आधी मी या हातांनी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही ते कधी विचारलं नसतं. दोन स्टीलच्या चाळण्या तोंडाला तोंड लावून कडेनं रिव्हेट मारले आणि त्यांचा ड्रम केला. एका बाजूला झाकण कापून त्याला बिजागरी लावली. ड्रमच्या पोटातून आरपार सळई घातली, आणि सळईला भंगारातल्या एका व्हॅनच्या वायपरची मोटर जोडली. तिला करंट मिळतो जुन्या कंप्युटरच्या अडॅप्टरमधून. आत पत्र्याच्या तीन पात्या बसवल्या, अशा कोनात वाकवलेल्या की दाणा एका जागी बसून राहत नाही आणि उडून झाकणावरही आपटत नाही. तो कोन सापडेपर्यंत त्या पात्या मी किती वेळा उपटून पुन्हा बसवल्या ते विचारू नका. तेलाचा मोठा डबा उभा कापून शेगडीला वाऱ्याचा आडोसा केला. एक्झॉस्ट फॅन उताणा ठेवला आणि त्याच्यावर गव्हाची चाळण बसवली, की भाजलेला दाणा तिच्यात ओतला रे ओतला की खालून हवा ओढली जाते आणि हात लावता येईल इतका गार होतो. यातली एकही वस्तू नवी नाही, आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितोय. त्या एका वाक्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालू आहे, म्हणून तर तुम्हाला लिहायला बसलो.

या यंत्रावर मी कॉफी भाजतो. घरीच, बमरोलीला, मागच्या गॅलरीत, सुट्टीच्या दिवशी. बाकीचे दिवस पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या मिलमध्ये, मेंटेनन्सला असतो, मोटरी आणि पॅनल बघतो. कॉफी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला माहीत आहे. तुम्हाला कॉफी म्हणजे शेड, कापडाचा रंग. राणी, रामा, मेहंदी, तशी कॉफी. जेट मशीनवर उभं राहून तुम्ही हजारो मीटर कॉफी रंगवली, आणि मेलात तोपर्यंत एक घोटही प्यायला नाहीत. तुम्हाला चहा लागायचा, तोही बशीत ओतून, मिलच्या गेटबाहेरचा. एका दिवाळीला तुम्ही मला शर्टपीस आणलं होतं, त्याच शेडचं. शेड फेल गेलेला तागा, एका सुरानं जास्त गडद, मिलनं कामगारांना वाटून टाकलेला. मायनं शिंप्याकडे न देता स्वतः हातानं शिवला तो शर्ट. मी म्हटलं, "आबा, हाई तं मातीनगत दिसस." तुम्ही म्हणालात, "माती नही, कॉफी शे. शेठ लोके पेतस." शेठ लोकं पितात ते अंगात घालून मी दोन वर्षं शाळेत गेलो.

खरी कॉफी मला मिळाली ती एका ट्रक ड्रायव्हरकडून. आमच्या गेटवरून साड्यांची पार्सलं भरून तो दक्षिणेला जायचा. एकदा त्याच्या गाडीची बॅटरी चार्ज होईना. मी आल्टरनेटर उघडला, कार्बन बदलले, गाडी चालू करून दिली. त्यानं पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. पुढच्या फेरीला त्यानं एक पिशवी आणली. आत फिकट हिरवट, करडे, अर्धे कापलेल्या वालासारखे दाणे. म्हणाला, "कॉफी है भाई, हमारे तरफ का. घर में भून लेना." भून लेना, एवढंच त्याचं शिक्षण. कसं, किती, कुठपर्यंत, ते तोही सांगू शकला नाही. त्याच्याकडे आई भाजायची. मी ती पिशवी घरी आणली. बायकोनं एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकली. "हे गुरांना घालायचं का?"

आता तुमच्या मिलमधली एक गोष्ट मला लिहावीच लागेल, कारण तिनं माझी पहिली सहा महिन्यांची कॉफी जाळली. मी सातवी-आठवीत असेन. मायनं डबा देऊन पाठवलंय. बाहेर ऊन, आत वाफ. जेटच्या पोटातून पाणी घुसळल्याचा असा आवाज की माणूस कानाशी ओरडतो तेव्हा ऐकू येतं. तुम्ही मशीनच्या छोट्या झाकणातून कापडाचा चिमूटभर तुकडा कापून काढला आहे. शेजारी पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, सँपल टांगलंय. मी दोन्हींकडे बघतो आणि हुशारीनं सांगतो, "आबा, जास्त काळा व्हई गया." तुम्ही डोक्याच्या मागं एक टपली मारता. तो ओला तुकडा वाफेच्या गरम पाइपावर पसरता, वर तळहात दाबता. तुमचा तळहात भाजत कसा नाही याचं मला तेव्हा फार कौतुक होतं. तुकडा सुकतो आणि माझ्या डोळ्यांदेखत उजळतो, बरोब्बर सँपलला येऊन थांबतो. मग तुम्ही माझ्या कानाशी वाकता. "ओला रंग खोटा ऱ्हास. देखाले काळा, सुकना म्हंजे उघडस. घाई नही कराची." मिलमधल्या प्रत्येक माणसाच्या हाडात ते भिनलेलं असतं. रंग जरा पुढं जाऊ द्यायचा, कारण सुकल्यावर तो मागं येतो.

तर मी काय केलं? एका कॉफीच्या दुकानातून भाजलेले दाणे आणले, तेच माझं सँपल. लोखंडी कढईत ड्रायव्हरचे कच्चे दाणे टाकले, उलथन्यानं हलवत बसलो, आणि ते सँपलच्या रंगाला आले तेव्हा उतरवले नाहीत. आणखी थोडे पुढं जाऊ दिले. गार झाले की उघडतील, असं मनाशी म्हटलं. हा हिशोब दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता. गारेगार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो. ते उघडले तर नाहीतच, उलट कढईतून ताटात ओतल्यावरही आतल्या आत काळे होत गेले. वर तेल सुटलं. प्यायलो तर तोंडात विझवलेल्या चुलीची राख. मला वाटलं कढईचा दोष. मग ड्रम केला. ड्रममध्येही तेच. मग वाटलं दाण्याचा दोष. ड्रायव्हर पुढच्या खेपेला दुसऱ्या मळ्यातला माल घेऊन आला. तोही कोळसा.

गॅलरीतून धूर निघायचा तो निराळाच. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बा कठड्यावरून वाकून ओरडायच्या, "एय भाई, तारे त्यां कंई बळे छे!" मी खालून म्हणायचो, "बा, कॉफी छे." त्या म्हणायच्या, "कॉफी आवी होय? आ तो टायर छे." माझी बायको त्यांच्याच बाजूनं. "बा बरोबर बोलतात. पांडेसराच्या मिलांचा धूर कमी पडतो म्हणून घरात भोंगा काढलाय यांनी."

ही चूक मला कुणी दाखवून दिली नाही. मोबाइलवर भाजणारे लोक बघितले, पण ते सगळे चकचकीत मशीनसमोर उभे. आकडे मशीन सांगतं, ते फक्त वाचून दाखवतात. मी त्यांच्यासारखा थर्मामीटरही लावून बघितला. तो ड्रममधल्या हवेचं सांगायचा, दाण्याच्या पोटातलं नाही. काढून टाकला. एकदा भाजताना लाइट गेली, ड्रम थांबला, आणि जळू नयेत म्हणून मी घाईनं दाणे चाळणीत ओतून पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. ते दाणे मला अर्धे कच्चे दिसत होते. बायकोला म्हटलं, टाकून दे. तिनं टाकले नाहीत, कारण तिच्या हातून काही टाकलं जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांनी मीच डबा उघडला तर अख्ख्या खोलीत वास. गुळाचा म्हणू की भाजलेल्या शेंगांचा, आणि त्याच्या मागं काहीतरी आंबट, चिंचेसारखं नाही, बोरासारखं. ती कॉफी प्यायलो आणि खाली बसलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दाणा ओला नसतोच आबा. तो सुकत नाही, उघडत नाही. त्याच्या पोटात आग शिल्लक असते, ती बाहेर काढल्यावरही काम करत राहते. कापडाला पुढं जाऊ द्यावं लागतं, दाण्याला मागं थांबवावं लागतं. तुमचा नियम तुमच्या मिलपुरता. माझ्या गॅलरीत तो उलटा चालतो, आणि तो उलटा मी केला.

आता मी कानानं भाजतो. सुरुवातीला ओल्या गवताचा वास येतो, मग गोणपाटाचा. दाणे पिवळे पडले की भाकरीच्या पापुद्र्याचा. तोवर आच मोठी ठेवायची. मग ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा एक दाणा फुटतो, मग दुसरा, मग एकदम तडतड. सालपटं उडायला लागतात. तिथं आच निम्मी करायची, पूर्ण बंद नाही. पूर्ण बंद केली तर दाणा बसतो आणि कॉफी पुठ्ठ्यासारखी लागते. तडतड विरळ होते. त्यानंतर दुसरा आवाज येतो, बारीक, ओला कागद चुरगाळल्यासारखा. तो दुसरा आवाज यायच्या आत दाणा चाळणीत पडला पाहिजे. चार दिवस डब्यात ठेवायची, त्याआधी दळायची नाही. हे चार दिवस कुणालाच धीर धरवत नाही, कॉफीच्या दुकानवाल्यांनाही नाही. मला धरवतो.

आणि तुमचं ते दुसरं वाक्य. ते मी विसरलो असेन असं वाटलं का तुम्हाला? मी नववीतून शाळा सोडली तेव्हाचं. रात्रपाळी करून तुम्ही सकाळी आलात, मी टेबलफॅनची मोटर उघडून ताटात तिची तार गुंडाळत बसलो होतो. तुम्ही चप्पलही काढली नाही. "मास्टरले सांगी ठेवेल शे. सोमवारपाईन जेटवर ये, हेल्पर."

"मी नही येत."

"मंग काय करशी?"

"मोटरी भरसू."

"कोन शिकाडी तुले?"

"कोनी नही. मीच शिकसू."

तुम्ही हसलात. रागावला असता तर चाललं असतं. हसलात आणि मायला हाक मारून म्हणालात, "देख वं, बिगर गुरूना उस्ताद!" मग ते चाळीत सांगितलं, पाळीवरच्या लोकांना सांगितलं. गेटबाहेरचा चहावालासुद्धा मला बघून म्हणायचा, "काय उस्ताद, गुरू भेटला का?" भंगारातून जळक्या मोटरी विकत आणून, त्यांचे वेढे एकेक उलगडून, मोजून, पुन्हा भरून मी शिकलो. पहिल्या तीन जळाल्या. चौथी आज कडोदऱ्याच्या एका पिठाच्या गिरणीत चालत असेल, मरतुकडी नव्हती ती. तुम्हाला मी ती चालवून दाखवायला आणली होती. तुम्ही जेवत होता. बघितलंत, म्हणालात, "आवाज करी ऱ्हायनी." करत नव्हती. तुमचे कान जेटनं गेले होते आबा, तो आवाज तुमच्या डोक्यात होता. मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो: ती मोटर आवाज करत नव्हती.

हे सगळं का काढलं, तर हे. वेसूला एक कॉफीचं दुकान आहे, काचेचं, आत झाडं टांगलेली. त्यांच्या दळायच्या मशीनची मोटर बंद पडली म्हणून मी गेलो होतो. मोटर दुरुस्त झाल्यावर चाचणीला माझ्याच खिशातले दाणे टाकले. तिथल्या पोरीनं ती कॉफी चाखली, आत गेली, अजून दोघांना घेऊन आली. तेव्हापासून दर आठवड्याला ते माझ्याकडून माल घेतात. एवढ्याशा ड्रममधून होऊन होऊन किती होणार? पण घेतात, आणि पाटीवर लिहितात की आज स्पेशल आहे. मग मालक स्वतः घरी आला. माझ्या भाच्याच्या वयाचा असेल, कापड मार्केटमधल्या घराण्यातला, बोलायला गोड. गॅलरीत उकिडवा बसून अख्खी भाजणी बघितली, ड्रमचे फोटो काढले. बायकोनं त्याला चहा दिला. हो, चहाच. तिला अजून वाटतं की पाहुण्याला कॉफी देणं म्हणजे औषध देणं.

कप ठेवायला तो आत वळला आणि भिंतीकडे बघत थांबला. तिथं तुम्ही आहात. मिलच्या कार्डावरचा फोटो, मोठा केलेला, खाकी शर्ट, बटण गळ्यापर्यंत, आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरनं काहीतरी चोरलंय असा भाव.

"आ कोण?"

"मारा पप्पा."

"मिलमां हता?"

"हा. जेट पर."

त्यानं टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बस, काका! स्टोरी मळी गई."

मग तो हिंदीत आला, धंद्याचं बोलताना येतात तसा. "काका, अच्छी कॉफी तो सबके पास है. स्टोरी किसके पास है?" त्याचं म्हणणं असं: पाकिटावर तुमचा फोटो. खाली माझा ड्रम, चित्रात काढलेला. खरा ड्रम दुकानाच्या काचेत, लोकांना बघायला. मी त्यांच्या मोठ्या मशीनवर माल भाजायचा, पगारावर. आणि फोटोखाली एक ओळ, जिच्यावर माझी सही पाहिजे, की ही भाजायची कला मिलमध्ये रंगकाम करणाऱ्या बापानं मुलाच्या हातात दिली.

मी म्हटलं, "उनको कॉफी मालूम नहीं थी."

"तो?"

"उन्होंने सिखाया नहीं. किसीने नहीं सिखाया. मैंने किया."

"काका, किसको पता चलेगा? और पापा की तो इज्जत ही बढ़ेगी ना."

विचार करून सांगतो म्हटलं. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. बायको भाकरी थापता थापता बोलते, "अहो, तो फोटो मागतोय, किडनी नाही मागत. त्या फोटोला मी रोज हार घालते, मला विचारा, एका शब्दानं बोलले नाहीत कधी की नको म्हणून." मी म्हटलं, पण ती ओळ खोटी आहे. ती म्हणाली, "मग? लग्नाच्या पत्रिकेत तुम्हाला ग्रॅज्युएट लिहिलं होतं, ते काय होतं?" दोन खोल्या आहेत, छत गळतं, पोरीची फी आहे, हे तिनं बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर मला भांडता आलं असतं. पोरगी कॉलेजातून येते, तिचं निम्मं गुजराती निम्मं हिंदी, अहिराणी तिला कळते पण जिभेवर येत नाही. मला वाटलं तिला माझी बाजू कळेल. ती म्हणाली, "पप्पा, सही करी दो ने. मैंने तो दादा को देखा भी नहीं. पॅकेट पे तो दिखेंगे." ते ऐकून मी गॅलरीत गेलो आणि काही नसताना ड्रमचे स्क्रू आवळत बसलो.

तुम्हाला वाटेल, माझा अभिमान. असू दे. तुम्हाला मिलनं जे दिलं ते तुम्ही घेतलंत: फेल शेडचं कापड घेतलंत, बहिरे कान घेतलेत, शेवटी एक भिंतीवरचं घड्याळ घेतलंत आणि शेठच्या पाया पडलात. मी कुणाचं काही न घेता जे उभं केलं त्याच्याखाली मी तुमचं नाव घालायचं? तुम्ही हसला होता त्या गोष्टीला तुमचा आशीर्वाद होता असं छापून द्यायचं? लोक ते पाकीट हातात घेऊन म्हणतील, वा, काय बाप. आणि तुम्ही त्या खाकी शर्टात तसेच बघत राहाल, काहीतरी चोरीला गेल्यासारखे. या वेळी खरंच गेलेलं असेल. माझं.

मी वेसूला गेलो आणि सांगितलं. फोटो नाही, ओळ नाही. कॉफी घ्या, ड्रम घ्या हवं तर, मी तुमच्या मशीनवर येतो, आणि पाकिटावर जे खरं आहे ते लिहा: हा माणूस स्वतःच्या स्वतः शिकला. तो मालक हसला नाही, ते त्याचं चांगलं. पण त्यानं खुर्ची मागं सरकवली. "काका, अपने आप तो आजकल सब सीखते हैं. मोबाइल खोलो, सीख लो. उसमें बेचने का क्या है?" मग त्यानं नवा आकडा सांगितला. मी चहा पिऊन उठलो. त्याच्याकडेही मला चहाच मिळाला.

घरी येऊन सांगितलं तर बायकोनं ताट वाढलं. पोरगी म्हणाली, "ओके पप्पा," आणि तो ओके अजून संपलेला नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, आणि नुसतं मेलात म्हणून नाही. जिवंत असतात तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाच समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, तुमच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून, आणि इथवर मी वाचलं नसतं. शर्टपीसपाशीच थांबलो असतो.

आणखी एक आहे, ते कुणालाच सांगितलेलं नाही. भाजून झालं की मी मूठभर दाणे घेतो, ट्यूबलाइट बंद करतो, गॅलरीच्या टोकाला जातो, ऊन अंगावर न घेता उजेडाकडे पाठ करून हात पुढं धरतो आणि मागच्या आठवड्याच्या दाण्यांशेजारी ठेवून रंग बघतो. आधी सरळ, मग तिरका. दिव्याखाली बघितलेला रंग मी मानत नाही. असं बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला तरी तसं उभं राहिलेलं मी रोज डबा घेऊन बघत होतो, एवढंच. त्या मालकापुढं, त्या काचेच्या दुकानात, आबांनी काही शिकवलं नाही असं मी छाती काढून सांगितलं. ती त्याची ओळ खोटी होती. किती खोटी, ते आता मला नक्की सांगता येत नाही. तरी सही केली नसतीच.

त्यानं दिलेले आकडे तुम्हाला सांगून टाकतो, घरात पहिलाच माहीत आहे. ड्रम, माझी नोकरी, तुमचा फोटो आणि ती ओळ मिळून सात लाख. फोटो आणि ओळ सोडून, माझी खरी ओळही न छापता, ड्रम आणि मी, नव्वद हजार. मी दोन्हींना नाही म्हणालो.